चेटकिणीची मैत्रीण

जपानी मुलींच्या मासिकांतील चित्रकथा चाळणाऱ्याला एक जोडी पुनःपुन्हां भेटते. एक मुलगी अगदीं साधी. शाळेंत जाणारी, परीक्षेला भिणारी, घरीं धाकट्या भावंडांच्या मागें धांवणारी. दुसरी तिच्याच वयाची, तिच्याच वर्गांत नव्यानें आलेली, पण वस्तुतः दुसऱ्याच लोकांतून उतरलेली शिकाऊ चेटकीण. दोघींचा स्नेह जमतो, एकमेकींच्या घरीं जाणें-येणें सुरू होतें, रुसवे-फुगवे होतात आणि मिटतात. एक गोष्ट तेवढी दोघींमध्यें पहिल्या दिवसापासून न बोललेली राहते. चेटकिणीनें आपलें खरें स्वरूप कोणाही मनुष्याला कळूं द्यावयाचें नाहीं, असा तिच्या राज्याचा दंडक असतो. आणि ज्या मैत्रिणीला ती मनांतलें सारें सांगते, तिलाच तें सांगण्याची तिला मनाई असते.

ह्या कथांची चर्चा होते तेव्हां बहुधा चेटकिणीचीच होते. तिची कांडी, तिचा मंत्र, तिचा झाडू, तिचा पोशाख. तें स्वाभाविकहि आहे. परंतु ह्या कथाप्रकाराचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर नजर त्या दुसऱ्या, साध्या मुलीवर ठेवली पाहिजे. तिला किती कळूं द्यावें, केव्हां कळूं द्यावें आणि कळल्याची किंमत कोणी द्यावी, ह्या प्रश्नांचीं उत्तरें गेल्या साठ वर्षांत जपानी चित्रकथाकारांनीं निरनिराळीं दिलीं. आणि मुलींच्या मैत्रीकडे तो समाज कोणत्या दृष्टीनें पाहत आला, हें त्या उत्तरांवरून फार स्पष्टपणें दिसतें.

आधीं शब्दासंबंधीं थोडें. मराठींत चेटकीण म्हटली कीं पिंजारलेल्या केसांची, वांकड्या नाकाची म्हातारी डोळ्यांपुढें येते, आणि तो शब्द खेड्यापाड्यांतील कित्येक निरपराध बायांना किती महाग पडला, हेंहि विसरतां येत नाहीं. जपानी आजीबाईंच्या गोष्टींतहि डोंगरांत राहून वाटसरूंना गिळणारी यामाउबा होती, माणसाचें रूप घेऊन फसविणारा कोल्हा होता. ‘माजो’ हा शब्द मात्र आजच्या अर्थानें युरोपीय कथांच्या भाषांतरांतून तेथें रुळला. त्याला गांवच्या भीतीचा वास नव्हता. म्हणूनच दहा वर्षांच्या गोजिरवाण्या मुलीला तें नांव देतांना कोणाला कांहीं वावगें वाटलें नाहीं.

मुलींच्या मैत्रीची कथा मात्र जपानी वाङ्मयांत ह्या चेटकिणीहून बरीच जुनी आहे, आणि तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो. १८९९ सालीं सरकारनें मुलींच्या उच्च शाळांविषयीं हुकूम काढला आणि प्रत्येक प्रांतांत अशी निदान एक शाळा असलीच पाहिजे असें ठरविलें. ध्येय होतें तें सुशील पत्नी आणि सुज्ञ माता तयार करण्याचें. पण बारा-तेरा वर्षांच्या मुली घराबाहेर पडून चार-पांच वर्षें एका छपराखालीं एकत्र बसूं लागल्या, कीं सरकारी ध्येयाखेरीज आणखीहि कांहीं घडणारच. त्यांच्यासाठीं मासिकें निघालीं. १९०२ सालीं ‘शोजो काइ’, १९०६ सालीं ‘शोजो सेकाइ’, १९०८ सालीं ‘शोजो नो तोमो’. ‘शोजो’ म्हणजे कुमारी. बालिकाहि नव्हे आणि गृहिणीहि नव्हे, अशी मधली अवस्था. शाळेनें ती अवस्था निर्माण केली आणि मासिकांनीं तिला नांव दिलें.

तोक्यो येथें १९०१ सालीं स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णासाहेब कर्वे ह्यांच्या हातीं आली आणि तिच्यापासून स्फूर्ति घेऊन त्यांनीं १९१६ सालीं पुण्यास महिला विद्यापीठ काढलें, ही हकीकत मराठी घरांत सुपरिचित आहे. त्याच १९१६ सालीं जपानांत योशिया नोबुको ह्या विशीच्या उंबरठ्यावरील लेखिकेच्या ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे फुलांच्या कथा, ‘शोजो गाहो’ मासिकांतून येऊं लागल्या. प्रत्येक कथेला एकेका फुलाचें नांव, आणि बहुतेक कथांचा विषय एकच : शाळेंतील दोन मुलींचा उत्कट स्नेह आणि त्यांचा वियोग. अशा स्नेहाला शाळकरी मुली ‘एस्’ म्हणत. इंग्रजी ‘सिस्टर’ शब्दाचें तें आद्याक्षर. वरच्या वर्गांतली थोरली, खालच्या वर्गांतली धाकटी, दोघींमध्यें पत्रें आणि भेटवस्तू. १९३७-३८ मध्यें ‘शोजो नो तोमो’ मासिकांत आलेली ‘ओतोमे नो मिनातो’ ही कादंबरी ह्या प्रकारांतली सर्वांत गाजलेली. ती छापली गेली कावाबाता यासुनारी ह्यांच्या नांवावर, परंतु तिचें मूळ लेखन मुख्यतः नाकाझातो त्सुनेको ह्या लेखिकेचें होतें, हें पुढें उघड झालें. योकोहामाच्या एका मिशनरी मुलींच्या शाळेंतली ती कथा. तिच्यासाठीं नाकाहारा जुन्‌इचि ह्यांनीं काढलेल्या मोठमोठ्या डोळ्यांच्या मुलींनीं वाचकांना वेड लावलें. १९४० सालीं, युद्धाच्या वातावरणांत असल्या कोमल चित्रांवर लष्करी अधिकाऱ्यांची वक्रदृष्टि झाली आणि नाकाहारांना तें मासिक सोडावें लागलें. ते डोळे मात्र गेले नाहींत. युद्धानंतरच्या मुलींच्या चित्रकथांत ते पुन्हां उघडले.

वडील माणसांना हा स्नेह ठाऊक नव्हता असें नाहीं. ठाऊक असून तो चालूं दिला जाई, कारण त्याला मुदत होती. शाळा संपली, लग्न ठरलें, कीं तो आपोआप संपावयाचा. मैत्री खरी, पण मुदतीची. मुदतीमुळेंच तिला परवानगी होती आणि मुदतीमुळेंच ती इतकी गोड व इतकी दुःखद वाटे. चेटकिणीच्या कथांत हीच मुदत निराळें रूप घेऊन आली.

युद्धानंतर १९४७ च्या शिक्षणविषयक कायद्यानें शाळांची व्यवस्था बदलली, मुलगे-मुली एका वर्गांत बसूं लागले, आणि ‘एस्’ कथांचा बहर ओसरला. १९५४ च्या अखेरीस ‘नाकायोशि’ आणि १९५५ सालीं ‘रिबोन’ हीं मुलींचीं मासिकें निघालीं व त्यांत चित्रकथांना अधिकाधिक जागा मिळूं लागली. ह्या कथा त्या वेळीं मुख्यतः पुरुषच काढीत. ‘रिबोन’ मासिकांतच १९६२ पासून आकात्सुका फुजिओ ह्यांची ‘आक्को-चानचें गुपित’ आली. हिची नायिका चेटकीण नव्हे. जादूच्या आरशानें वाटेल तें रूप घेऊं शकणारी एक साधी मुलगी. तिच्यामागून आली ती सॅली.

सॅलीचा जन्म गंमतीचा आहे. १९६६ च्या आरंभीं जपानी दूरचित्रवाणीवर एक अमेरिकन विनोदी मालिका सुरू झाली. तिच्यांत एक चेटकीण सामान्य माणसाशीं लग्न करून त्याचा संसार करते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून आपलें कुळ लपविते. मालिका लोकप्रिय झाली. त्याच वर्षीं ‘रिबोन’च्या जुलैच्या अंकापासून योकोयामा मित्सुतेरु ह्यांनीं ‘चेटकीण सॅली’ ही चित्रकथा सुरू केली. योकोयामांची कीर्ति तोंवर मुलग्यांच्या कथांवर उभी होती. १९५६ पासून आलेला ‘तेत्सुजिन २८’ हा त्यांचा अजस्र लोखंडी यंत्रमानव घरोघरीं ठाऊक होता. मुलींसाठीं लिहितांना त्यांनीं अमेरिकन कल्पनेंत एकच फेरफार केला, पण तो मूलगामी होता. गृहिणीच्या जागीं त्यांनीं शाळकरी मुलगी घातली, आणि नवऱ्याच्या जागीं मैत्रीण. नायिकेचें नांव प्रथम सनी होतें; व्यापारी नोंदणीच्या अडचणीमुळें तें सॅली झालें. ५ डिसेंबर १९६६ पासून तोएइ कंपनीनें त्याच कथेची चालत्या चित्रांची मालिका दूरचित्रवाणीवर आणली आणि तिचे १०९ भाग झाले.

सॅली जादूच्या राज्याची राजकन्या. मनुष्यलोक पाहावा, मैत्रिणी मिळवाव्या, ह्या हौसेनें ती खालीं येते, शाळेंत नांव घालते, आणि तिथें तिला हानामुरा योशिको भेटते. (जपानी रीतीप्रमाणें आडनांव अगोदर.) सगळे तिला योत्चान म्हणतात. आणखी एक मैत्रीण, कासुगानो सुमिरे, शांत आणि देखणी आहे. पण कथेंत प्राण आहे तो योत्चानचा. तिचा आवाज भसाडा, चाल धसमुसळी, स्वभाव उघडा. आई वारलेली, वडील टॅक्सी हांकतात. घरीं एकदम जन्मलेले तीन भाऊ, एकाहून एक वांड. स्वयंपाक, धुणें, भावांना शाळेंत पिटाळणें, सारें दहा-अकरा वर्षांच्या ह्या पोरीच्या अंगावर. सॅलीला कांडी फिरविली कीं अख्खें घर उभें करतां येतें. योत्चानला रात्रीचें जेवण वेळेवर उभें करतां करतां नाकीं नऊ येतात.

ह्या दोघींना शेजारी ठेवण्यांत मोठें शहाणपण होतें. १९६० नंतरच्या दशकांत जपान झपाट्यानें श्रीमंत होत होता, आणि त्या श्रीमंतीमागें टॅक्सी हांकणारा बाप आणि चुलीपाशीं उभी असलेली थोरली मुलगी होती. जादूची गोष्ट ऐकावयास बसलेल्या मुलींना तें घर ओळखीचें वाटलें असलें पाहिजे. आणि सॅलीला त्या घरीं मिळतें तरी काय? तिच्या राज्यांत सर्व कांहीं आहे. पण कोणाला कोणाची गरज नाहीं. योत्चानला मात्र गरज आहे, आणि ती मागत नाहीं. कांडीनें काम उरकावें कीं हातानें मदत करावी, हा पेंच सॅलीपुढें वारंवार येतो. कांडीनें मदत केली तर ती लपवावी लागते. हातानें केली तर ती मैत्री होते. मालिकेचे दुबळे भाग आहेत ते ज्यांत कांडी सगळें निस्तरते. त्यांची संख्या लहान नाहीं.

आणि योत्चानला काय कळतें? जवळजवळ शेवटपर्यंत कांहींच नाहीं. आपल्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीविषयींची सर्वांत मोठी गोष्ट तिला माहीत नसते, आणि कथा सांगणारा व पाहणारे मात्र ती जाणून असतात. ३० डिसेंबर १९६८ रोजीं दाखविलेल्या अखेरच्या भागांत शाळेला आग लागते. ती विझविण्यासाठीं सॅली सर्वांदेखत आपली शक्ति वापरते. गुपित उघडें झालें; आतां तिला परत जाणें भाग आहे. म्हणजे सत्य कळण्याची वेळ आणि निरोपाची वेळ एकच. जुन्या ‘एस्’ कथेंत लग्न जें काम करी, तेंच येथें जादूच्या राज्याचा कायदा करतो; आणि योत्चान रडवेल्या चेहऱ्यानें खालीं उभी राहते.

हा सांचा पुष्कळ वर्षें टिकला. तोएइ कंपनीनें १९८१ पर्यंत अशा मालिका एकामागून एक काढल्या, आणि खेळण्यांच्या कारखानदारांना प्रत्येक नव्या कांडीबरोबर नवा माल मिळाला. त्यांतील बहुतेकांविषयीं विशेष सांगण्यासारखें नाहीं. १९७४-७५ ची मेगु मात्र वगळतां येत नाहीं. मेगु आणि नोन ह्या दोघी चेटकिणींच्या राणीपदाच्या उमेदवार. दोघींना उमेदवारीसाठीं मनुष्यलोकांत पाठविलेलें. मेगु एका कुटुंबांत मुलगी म्हणून राहते. त्या घरची आई स्वतः पूर्वाश्रमीची चेटकीण, मनुष्याशीं लग्न करून जादू सोडलेली. नोन एकटी राहते. दोघी वैरिणी म्हणून सुरुवात करतात आणि हळूहळू त्यांच्यांत समजूत निर्माण होते. कारण एकमेकींपाशीं त्यांना कांहीं लपवावें लागत नाहीं. मनुष्य-मैत्रिणीला जें मिळालें नाहीं, तें प्रतिस्पर्ध्याला मिळालें.

१९८५ सालीं कादोनो एइको ह्यांची किकी पुस्तकरूपानें आली. तेरा वर्षांची ही चेटकीण एक वर्षाच्या उमेदवारीसाठीं परक्या शहरीं जाते. ती कादंबरी, तिच्यावरून १९८९ सालीं मियाझाकि हायाओ ह्यांनीं काढलेला चित्रपट जगभर गेला, आणि कादोनोबाईंना २०१८ सालीं अँडरसन पारितोषिक मिळालें. परंतु किकी आपण चेटकीण आहों हें पहिल्याच दिवशीं सर्वांना सांगते. तेथें गुपित नाहीं, म्हणून हा प्रश्न त्या रूपानें तेथें उभा राहत नाहीं.

तो खऱ्या अर्थानें पुन्हां उभा राहिला ७ फेब्रुवारी १९९९ रोजीं, ‘ओजामाजो दोरेमी’ ह्या तोएइच्याच मालिकेंत. ‘नाकायोशि’ मासिकांत तिची चित्रकथाहि त्याच वर्षीं येऊं लागली. तिसरींत शिकणारी हारुकाझे दोरेमी एका विचित्र दुकानांत शिरते, आणि दुकानदार बाईला पाहून ‘तुम्ही चेटकीण आहां’ असें फटकन् बोलून जाते. त्याबरोबर त्या बाईचा एक लिबलिबित हिरवा बेडकासारखा गोळा होतो. मनुष्यानें ओळखलें कीं चेटकिणीची ही गत होते, असा जुना शाप आहे. ज्या मुलीनें ओळखलें तिनेंच चेटकीण होऊन तो शाप काढावयाचा. तेव्हां दोरेमीनें उमेदवारी पत्करलीच पाहिजे. लवकरच तिच्या मैत्रिणी हाझुकी आणि आइको ह्यांना तिचें गुपित कळतें, आणि त्याहि तिच्याबरोबर शिकूं लागतात.

तेहेतीस वर्षांपूर्वींच्या सॅलीशीं ह्याची तुलना करून पाहावी. सॅलीच्या कथेंत गुपित फुटल्याची शिक्षा वियोग होती. येथें गुपित फुटलें म्हणूनच मुली एकत्र बांधल्या जातात. जाणण्याची किंमत जाणणारीनें द्यावयाची, आणि ती किंमत म्हणजे जबाबदारी. योत्चानला ज्या दाराबाहेर ठेवलें होतें, त्याच्या आंत ह्या मुली झाडू घेऊन दुकान झाडीत उभ्या आहेत.

पुढें त्यांना ओन्पु नांवाची चौथी मिळते. ती चित्रपटांत कामें करणारी प्रसिद्ध बालनटी. दुसऱ्याचें मन बदलणारी निषिद्ध जादू ती बेधडक वापरते, कारण शिक्षेपासून रक्षण करणारें कडें तिच्या हातांत आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस दोरेमी आणि इतरांचें गुपित वर्गापुढें उघडें पडतें. त्या आतां बेडूक होणार. तेव्हां ओन्पु सर्वांच्या मनांतून ती आठवण पुसून टाकते. ह्या वेळीं कडें टिकत नाहीं आणि तिला शंभर वर्षांची झोंप लागते. मैत्रिणी आपली जादू खर्चीं घालून तिला जागें करतात आणि स्वतः पुन्हां साध्या मुली होतात. मुलांसाठीं केलेल्या सकाळच्या कार्यक्रमांत इतकी गंभीर गोष्ट इतक्या साधेपणानें सांगितलेली क्वचितच आढळेल.

मालिका चार वर्षें चालली, आणि पात्रें प्रेक्षकांबरोबर वाढलीं. तिसरींतली दोरेमी चवथ्या वर्षीं सहावींत आली. ह्या शेवटच्या वर्षांतील एक भाग होसोदा मामोरु ह्यांनीं दिग्दर्शित केला. त्यांत दोरेमीला एक कांचकाम करणारी बाई भेटते. ती चेटकीणपण सोडलेली चेटकीण आहे. पण वय तिला सोडीत नाहीं, म्हणजे वाढतच नाहीं. ओळखीचीं माणसें म्हातारीं होऊं लागलीं कीं तिला गांव बदलावें लागतें. चेटकिणीचें दीर्घायुष्य म्हणजे सगळ्या मैत्रिणींच्या मागें उरणें, हें येथें प्रथमच स्पष्ट बोललें गेलें. मनुष्याशीं लग्न करून नवरा आणि मुलेंबाळें ह्यांना अंतरलेली, शोकानें निद्रेंत गेलेली जुनी राणी ह्याच वर्षाच्या कथेंत मध्यवर्ती आहे. म्हणून जेव्हां सर्व परीक्षा देऊन ह्या मुलींना पूर्ण चेटकीण होण्याचा अधिकार मिळतो, तेव्हां त्या तो नाकारतात. सॅलीला परत बोलावलें गेलें होतें. ह्यांनीं आपणहून मनुष्यपण निवडलें.

तरीहि वियोग टळत नाहीं. प्राथमिक शाळा संपते, मैत्रिणी निरनिराळ्या गांवीं आणि शाळांत जाणार. जानेवारी २००३ मध्यें दाखविलेल्या अखेरच्या भागांत, निरोपसमारंभाच्या दिवशीं दोरेमी त्या जुन्या दुकानांत शिरून आंतून कडी लावून घेते आणि बाहेर यावयास तयार होत नाहीं. एकामागून एक सारे वर्गमित्र दाराशीं येतात. आतां कोणा राज्याचा कायदा नाहीं, शाप नाहीं, लग्नहि नाहीं. शाळा संपली, एवढेंच. ह्या प्रसंगांत शंभर वर्षांपूर्वींच्या ‘शोजो’ मासिकांतील मुली पुन्हां बोलतात असें वाटतें. फरक इतकाच, कीं त्या मुलींना दार लावून घेण्याची सोय नव्हती.

त्यानंतर आन्नो मोयोको ह्यांची ‘शुगर शुगर रून’ २००३ ते २००७ ह्या काळांत ‘नाकायोशि’मध्यें आली आणि २००५ सालीं तिला कोदान्शा पारितोषिक मिळालें. शोकोला आणि व्हॅनिला ह्या जिवलग मैत्रिणी एकाच राणीपदासाठीं स्पर्धेंत उतरतात, अशी ती कथा. वैरिणींच्या मैत्रिणी होण्याऐवजीं मैत्रिणींना वैरिणी होण्याची वेळ येते, हा मेगुचा सांचा उलटा केलेला. लेखिका स्त्री, आणि मत्सराचें चित्रण अधिक खोल.

आणखी पांच वर्षांनीं, २०१२ सालीं, इशिझुका चिहिरो ह्यांची ‘फ्लाइंग विच’ ही चित्रकथा सुरू झाली, आणि तीहि मुलग्यांच्या मासिकांत. पंधरा वर्षांची शिकाऊ चेटकीण माकोतो योकोहामाहून उत्तरेकडील आओमोरि प्रांतांतल्या हिरोसाकि गांवीं नातेवाइकांच्या घरीं राहावयास येते. सफरचंदांच्या बागांचा, उशिरा वितळणाऱ्या बर्फाचा तो मुलूख. घरचें नऊ-दहा वर्षांचें पोर प्रथम तिला बिचकतें. मग दुकानांत झाडू विकत घेतांना ती चटकन् त्यावर अधांतरीं बसून पाहते, आणि पोर तिचें भक्त होतें. शाळेंत तिची ओळख नाओशीं होते. नाओच्या घरचें दारूचें दुकान. दुकानाच्या कामांत तिचा हात असतो. योत्चानचीच ही नात म्हणावी, तितकीच रोखठोक. गुपिताचें ओझें येथें कोणाच्याच डोक्यावर फारसें नाहीं. रस्त्याच्या कडेला माकोतोला एक दुर्मिळ औषधी मूळ उगवलेलें दिसतें. तें उपटतांच माणसासारखें किंचाळतें. ती तें दोन्ही हातांनीं धरून, ओळखीची पहिली भेट म्हणून, मोठ्या आनंदानें नाओपुढें करते. नाओ त्या मुळाकडे पाहते, आणि नको म्हणते.